पंधरा अंकांतली कसर

परळ, मुंबई
१२ फेब्रुवारी १९६१

श्री. शिवदास यांस,

नमस्कार. मी राही, मुरुडच्या खालच्या आळीतली, मोरूची बहीण. तेरा वर्षांत आपला पत्रव्यवहार नाही म्हणून ओळख लिहिली. परळला एका इंजिनियरच्या कचेरीत ट्रेसर आहे. पुलांच्या नकाशांवर पारदर्शक कापड ठेवून ते शाईने उतरवते.

आई मार्गशीर्षात वारली. तिच्या ट्रंकेत मोरूच्या हाताची एक यादी सापडली. 'चित्रमशाल' हे मासिक तुम्हाला आठवत असेल. सगळी गोष्ट चित्रांच्या चौकटींत, भैरू तांडेल आणि त्याचे गलबत. एप्रिल ४७ ते जुलै ४८ असे सोळा अंक निघाले, मग छापखाना बंद पडला. मोरूने एक ते सोळा आकडे लिहिले आहेत. पंधरापर्यंत प्रत्येकापुढे खूण आहे. सोळाव्यापुढे नाही.

मोरू गेल्यावर आईने ते अंक रद्दीत दिले. कोणाला दिले ते तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. मला सोळाही अंक गोळा करायचे आहेत. इथे फुटपाथवर इंग्रजी चित्रकथा मिळतात, खलाशांनी टाकलेल्या. त्यांचे शौकीन आहेत, आणि भाव मला परवडणारे नाहीत. मराठी अंक मात्र कोणी जपलेला दिसत नाही. तुमच्या सुक्या मासळीच्या दुकानात बांधायला आसपासच्या सगळ्या गावांची रद्दी येते. ती फाडण्याआधी पाहावी, एवढी विनंती.

महिन्याला दीड रुपयापेक्षा जास्त मला जमणार नाही, टपाल धरून. पाने पूर्ण हवीत. मासळीचा वास चालेल, तेलाचा डाग चालणार नाही.

राही


मुरुड
२० फेब्रुवारी १९६१

राही,

मला श्रीयुत केलंस, बरं वाटलं. लहानपणी 'ए शिव्या' म्हणून हाक मारायचीस आणि मी वळून बघेपर्यंत पाठीत ढेकूळ. तेव्हाही नेम चुकत नसे.

काकींचं इथे कळलं होतं. चार ओळी लिहाव्या असं मनात होतं, पण पत्ता नव्हता. आता आहे.

अंकाचं म्हणशील तर तुझं नशीब जोरावर आहे. काशीदची सोनूबाई परवा बोंबलाची पाटी घेऊन आली, पाटीच्या तळाला तुझा तिसरा अंक अंथरलेला. मी म्हटलं, बाय, एवढा कागद मला दे. तर म्हणते, "मंग माझं बोंबील काय तुझ्या धोतरात बांधू?" दोन कोरे ताव दिले तेव्हा सुटला. सोबत पाठवतोय. वास येईल, पण तू परवानगी दिली आहेसच.

एक विचारू? हे आता कशाला हवं तुला? मोरूला जाऊन येत्या आषाढात तेरा वर्षं होतील. दोन-चार अंक मिळाले की आठवण म्हणून ठेव आणि थांब. सगळं मिळालंच पाहिजे असं कुठे असतं?

शिवदास


परळ
३ मार्च १९६१

श्री. शिवदास यांस,

अंक ३ मिळाला. पाने सोळा, पूर्ण. वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ कसरीने पाडलेले गोल भोक आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आरपार. चित्राला लागलेले नाही. चालेल. मनिऑर्डर केली आहे.

कशाला हवे, असे विचारलेत. गोष्टीचा शेवट मला माहीत नाही. त्या आषाढात मी तापाने पडले होते. मोरू वाचून दाखवायचा. मी उठले तेव्हा तो नव्हता. बाबांच्या कामासाठी दिघीला गेला आणि परत येताना खाडीत होडी उलटली, असे आईने सांगितले. पुढे बाबाही त्याविषयी बोलत नसत. तेव्हा निदान गोष्ट तरी पूर्ण माहीत असावी.

थांबण्याचा सल्ला मी मागितला नव्हता.

राही


मुरुड
१७ ऑगस्ट १९६१

राही,

हा घे सातवा. याच्यासोबत तुझे नऊ झाले.

हा कसा मिळाला ते ऐक. मामाकडे थळला गेलो होतो. तिथला न्हावी पोरांना रडू येऊ नये म्हणून हा अंक पुढ्यात धरतो. माग म्हटलं तर देईना. "रद्दी न्हाय ती, माझी हत्यारं हायेत," म्हणाला. मग दाढी करून घेतली, त्याने गाल कापला, त्याचीच त्याला लाज वाटली आणि अंक दिला. आधीचा अकरावा बाळाजी तांडेलाच्या होडीत होता, दिघीच्या काठाला. त्याची कथा मागे लिहिलीच आहे. तुझ्यापायी मी सगळी खाडी पालथी घातली, आणि तू लिहितेस काय, तर 'पाने सोळा, पूर्ण'.

तुझी पत्रं मी ठेवतो. सरळ रेघा, मोजून अंतर, कुठे खाडाखोड नाही. आमच्या पोस्टमनने परवा विचारलं, हे सरकारी कागद कसले येतात तुम्हाला? मी म्हटलं, पूल बांधतोय.

आईने मुली दाखवायचा सपाटा लावलाय. गोदू म्हणून एक आहे नांदगावची, आईला फार पसंत. मी म्हणतो, पावसाळा जाऊ दे. पावसाळा गेला की म्हणेन, शिमगा जाऊ दे.

तू कधी येणार मुरुडला?

शिवदास


परळ
१० जानेवारी १९६२

शिवदास,

काल तेरावा मिळाला. आता यादीत एकच आकडा उरला आहे, सोळा.

पंधरा अंक क्रमाने लावून ठेवले आहेत. काल कचेरीतून आल्यावर ते सगळे सलग वाचले. खोलीत आम्ही तिघी राहतो, पण दोघी सणाला घरी गेल्या आहेत. मला घर नाही. एरवी हे जाणवत नाही, काल जाणवले. मोठ्याने वाचून दाखवावे असे कोणीतरी समोर हवे होते.

तुमच्या आईंनी मुली दाखवणे थांबवले का? न थांबवले असल्यास, शिमग्यापर्यंत थांबा असे सांगायला हरकत नसावी. माझ्या बाजूने बोलायला कोणी वडीलधारे उरलेले नाही. तेव्हा जे बोलायचे ते मलाच बोलावे लागेल, आणि ते मला पत्रात नीट जमत नाही.

सोळावा अंक कुठे असेल ते तुम्हालाच ठाऊक असणार. तो आधी पाठवा. मागून तुम्ही या. या पत्रात अट कोणतीच नाही.

तुमची,
राही


मुरुड
१८ जानेवारी १९६२

राही,

पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा आईने वाचलं. ती रडली, आणि संध्याकाळी कपाटातून पाटल्या काढून सोनाराकडे उजळायला टाकून आली. इतकी घाई करू नको म्हटलं तर मलाच म्हणते, "तू तेरा वरसं काय केलंस ते दिसतंय मला."

मीही घाई केलीच आहे. गेल्या दिवाळीत तुझ्या मनिऑर्डरी साठवून सुताराकडे काचेचं कपाट करायला दिलं होतं, तुझ्या अंकांसाठी. म्हटलं, आली तर लागेल. कालच तो देऊन गेला.

आता सोळाव्याचं. तो माझ्याजवळ आहे. कसा आला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, समोर बसून सांगेन. मेणकापडात शिवल्यासारखा बांधलेला आहे. मी कधी उघडला नाही. खरं तर मला तो पाठवायचा नव्हता, स्वतः घेऊन यायचं होतं. पण तू आधी अंक म्हणालीस, आणि आज तुला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून एकच मागतो. गाठ सोडू नकोस. २८ तारखेला रविवार आहे, सकाळच्या लाँचने निघून दुपारपर्यंत परळला पोचतो. दोघं मिळून सोडू. एवढं ऐक माझं.

शिवदास


परळ
२३ जानेवारी १९६२

श्री. शिवदास यांस,

पुडके मिळाले. गाठ सोडण्याआधी हे लिहिते आहे, म्हणजे अंक पाहून माझे मत बदलले असे तुम्हाला वाटू नये.

तुमचा पहिला अंक आला तेव्हाच त्यात कसरीचे भोक होते. दुसऱ्यातही होते. सहा झाल्यावर मी ट्रेसिंगच्या कापडाचा एक तुकडा घेतला, प्रत्येक अंकाच्या कडा त्याला जुळवल्या आणि भोक जिथे येते तिथे शाईचा ठिपका दिला. अंक तुम्ही उलटसुलट क्रमाने पाठवत होता. आकड्यांच्या क्रमाने लावले तेव्हा ठिपके एका रेषेत आले. भोक किंचित तिरपे जाते, अंकागणिक अर्धा मिलिमीटर उजवीकडे. तिसऱ्याच्या मागच्या कव्हरातून जिथे बाहेर पडते, चौथ्यात बरोबर तिथूनच आत शिरते. आता कापडावर पंधरा ठिपके आहेत. पट्टी लावली तर एकही रेषेबाहेर नाही.

कसर काशीदच्या पाटीतून थळच्या न्हाव्याकडे आणि तिथून दिघीच्या होडीत जाऊन नेमकी तीच रेषा धरत नाही. हे अंक एकावर एक, क्रमाने, एकाच घरात अनेक वर्षे पडून होते. शिवाय प्रत्येकाच्या पहिल्या पानावर खाली पेन्सिलीचा ठिपका आहे. वाचून झाले की मोरू तो करायचा. म्हणजे गठ्ठा आमचा, घर तुमचे. सोनूबाईचे बोलणे तुम्ही चांगले रचले होते. गालही कापला नसेल.

हे मला जुलैपासून माहीत आहे. माझ्या भावाचे अंक तुम्ही मला महिन्याला एक-दोन असे विकलेत, पत्रे येत राहावीत म्हणून. मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर उरलेले मिळाले नसते.

पंधराव्या अंकाच्या मागच्या कव्हरातूनही भोक बाहेर पडते. त्याच्याखाली आणखी एक अंक होता, हे उघड आहे. तो तुम्ही हातचा सोडणार नाही, कारण तो सोडला की पत्रे संपली. म्हणून १० जानेवारीचे पत्र लिहिले. त्याचा कच्चा खर्डा तीनदा केला. अंक हवा आहे एवढे सोडून त्यातले एकही वाक्य खरे नाही.

रविवारी येऊ नका. पाटल्या सोनाराकडून परत आणायला सांगा.

राही


मुरुड
२७ जानेवारी १९६२

कु. राही यांस,

नमस्कार. तुमचं पत्र काल मिळालं. आईला वाचून दाखवावं लागलं, कारण ती उद्याच्या प्रवासाचे लाडू वळत होती.

भोकाचं बरोबर आहे. सोनूबाई, न्हावी, बाळाजी, सगळं मी रचलं. गठ्ठा तेरा वर्षं आमच्या माळ्यावर होता. काल तुमचं पत्र वाचून माळ्यावर गेलो. गठ्ठा जिथे होता तिथल्या फळीला बोट लावून पाहिलं. फळीतही भोक आहे. पंधराव्याच्या खाली अंक नव्हता, फळी होती. सोळावा त्या गठ्ठ्यात कधी नव्हताच. गाठ सोडली असेल तर बघा, त्याला कसर लागलेली नाही. तुम्ही नकाशात जे दिसत नाही तेही काढलंत.

तुम्हाला नेमकं लागतं, म्हणून नेमकं लिहितो.

त्या दिवशी तुमचे बाबा अलिबागला होते. त्यांचं दिघीला काही काम नव्हतं. तुम्हाला विषमज्वर होता, एकविसावा दिवस. दुपारी ताप चढला की तुम्ही एकच विचारायचात, गलबत सुटलं का. पंधराव्या अंकात भैरूचं गलबत वादळात सापडलं होतं, तेवढंच तुमच्या डोक्यात बसलं होतं. पावसाळ्यात बोटी बंद, मुरुडला अंक येईना. दिघीला मात्र म्हसळ्याकडून रस्त्याने टपाल यायचं. मोरू मला म्हणाला, "तिला शेवट ऐकवतो, म्हणजे तरी ती निजेल." मी आगरदांड्यापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. खाडीचं पाणी बघून मी काठावर राहिलो. तो गेला. जाताना पोचला. परतताना नाही.

तिसऱ्या दिवशी तो राजपुरीच्या अंगाला मिळाला. अंक पोटाशी होता, मेणकापडात गुंडाळून करगोट्याला बांधलेला. गाठ त्याने इतकी घट्ट मारली होती की तुमच्या बाबांना करगोटाच तोडावा लागला.

तेराव्या दिवसानंतर काकींनी गठ्ठा आणि ते पुडकं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "शिवदास, जाळायला माझा हात होत नाही. तू ठेव. पण तिच्या हाती पडू देऊ नको. तो कशासाठी गेला ते तिला कळता कामा नये." तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. हो म्हणालो.

तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, एकेक देत राहिलो तर मध्येच कंटाळून थांबाल. पत्रं येत राहावीत म्हणूनही दिले, ते नाकारत नाही. सोळाव्याचं मी तुम्हाला लग्नानंतर, जवळ बसवून, हात धरून सांगणार होतो. पुडकं पाठवलं ते तुमच्या एका पत्रावर विश्वास ठेवून. आता काकींना दिलेला शब्दही गेला.

तो तुमच्यासाठी गेला. आणखी कुठल्याही कामासाठी नाही.

पाटल्या आणल्या. आईला सांगितलंय, नांदगावला होकार कळव. कपाट दुकानात मांडलं. त्यात सुक्या कोलंबीचे सोडे ठेवलेत, काचेतून बरे दिसतात.

शिवदास


परळ
११ फेब्रुवारी १९६२

श्री. शिवदास यांस,

सोळाव्या अंकाची पोच द्यायची राहिली होती.

२३ तारखेचे पत्र पेटीत टाकून आले आणि गाठ सोडायला बसले. सुटली नाही. कापावी लागली. अंकाला भोक नव्हते. माझे मोजमाप पंधरापर्यंत बरोबर होते आणि त्याखाली मी न पाहता गृहीत धरले होते, हे तेव्हाच कळले. पण पत्र गेलेले होते. आठवड्याने तुमचे आले.

मेणकापडात एका कडेने पाणी शिरले होते. पाने मिठाने एकमेकांना चिकटून फळीसारखी झाली होती. ओलसर टीपकागद दोन्ही बाजूंनी ठेवून, वर काच ठेवून ती सोडवावी लागतात. घाई केली तर शाई उचलली जाते. दिवसाला एक जोडपान, मग ते वाळवायचे. आज शेवटचे सुटले.

१० जानेवारीच्या पत्राबद्दल मी लिहिले होते की त्यातले एकही वाक्य खरे नाही. तेही पुन्हा तपासले. एक खरे होते. नांदगावला होकार गेला असल्याने कोणते ते लिहीत नाही.

तुम्ही अंक कधी उघडला नव्हता, तेव्हा हे तुम्हाला माहीत नसणार. मोरूलाही माहीत नसावे. पहिल्या पानावर त्याचा पेन्सिलीचा ठिपका नाही, म्हणजे त्याने वाचला नाही, मला वाचून दाखवण्यासाठी तसाच बांधून घेतला. शेवटच्या पानावर सहा चौकटी आहेत. पाचांत वादळ आहे. सहाव्यात गलबत खडकांच्या मध्ये आहे आणि भैरू तांडेल सुकाणू धरून उभा आहे. त्याखाली एक ओळ छापली आहे: 'गलबत सुटले का? पुढील अंकी.'

सतरावा अंक निघाला नाही.

पाने सोळा, पूर्ण.

राही